सॉफ्टवेअर बघणं चालू आहे

घरी फोन करून लेकीने विचारलं, "बाबा काय करतायत?" की आईचं उत्तर ठरलेलं असायचं. "सॉफ्टवेअर बघणं चालू आहे." मग दोघी मायलेकी हसायच्या. लेक स्पीकरवरून म्हणायची, "अगं आई, माझ्या लग्नासाठी बाबांनी एवढी चौकशी केली असती ना, तर मी अजून घरातच असते!" आणि मागच्या खोलीतून तो ओरडायचा, "मला ऐकू येतंय बरं का!"

आता चेष्टा होणार नाही तर काय होणार? दोन वर्षं भिजत पडलेलं घोंगडं होतं ते. पंपाच्या कारखान्यात त्याने जन्मभर ड्रॉइंग काढली. कागदावर रेषा त्याची, धातूवर हात दुसऱ्याचा. निवृत्त झाल्यावर त्याने एकच हट्ट धरला, की मुठीत मावेल एवढा पितळेचा पंप स्वतः काढायचा, स्वतः कापायचा, आणि त्याने खरोखर पाणी ओढलं पाहिजे. त्यासाठी नावाच्या पाट्या कोरणाऱ्या एका माणसाकडून त्याने धातू कापणारी जुनी मिलिंग मशीन आणली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसेल एवढीच, पण वजन असं की दोन माणसं घामाघूम झाली. मोटरी होत्या, स्क्रू होते, कटर फिरवणारा स्पिंडल होता. मशीनला हुकूम देणारा कंट्रोलर मात्र आधीच्या मालकाने काढून ठेवला होता. नवा स्वस्तातला कंट्रोलर आला, पाकिटाएवढा हिरवा बोर्ड. तोही त्याने हौसेने जोडला.

घोडं पेंड खात होतं ते सॉफ्टवेअरपाशी. त्याने तिला समजावून सांगितलं होतं. एक सॉफ्टवेअर ड्रॉइंग काढायला, दुसरं त्या ड्रॉइंगवरून कटरने कुठून कुठे जायचं ते ठरवायला, आणि तिसरं तो रस्ता मशीनला एकेक ओळ करून वाचून दाखवायला. पहिली दोन मिळाली. तिसऱ्याच्या जागेसाठी तीन उमेदवार होते. एकाला घरात म्हातारं म्हणायचे, कारण ते जुन्यापुराण्या कॉम्प्युटरशिवाय चालायचंच नाही. दुसरं विकतचं, त्यात सगळं होतं, अगदी नको तेही. तिसरं फुकटचं, साध्या लॅपटॉपवर चालणारं. रोज संध्याकाळी तो कारखान्यातल्या जुन्या मित्राला फोन लावायचा आणि या तिघांचं गुऱ्हाळ सुरू व्हायचं. कारखान्यात लेथ चालवायचा म्हणून मित्राला सगळे टर्नरच म्हणत. त्याचं आता स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. स्वयंपाक करता करता तिच्या कानावर पडायचं, "नाही रे, पण मधेच लाइट गेली तर कुठलं चांगलं?" तिने केव्हाच हात टेकले होते.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना दुसरा बोर्ड आला. तसाच खोका, तोच हिरवा बोर्ड.

"हा कशाला?" तिने विचारलं.

"स्पेअर," तो म्हणाला. "स्वस्तातले बोर्ड आहेत, एक वायर उलटी लागली की जळतात. पुन्हा मागवा, पुन्हा वाट बघा, कोणी सांगितलंय? टर्नरसुद्धा म्हणतो, एक जादा असावा. शिवाय नंतर हे मॉडेल बंद झालं तर?"

सगळं पटण्यासारखं होतं. तिला खटकलं ते एवढं सगळं सांगितल्याचं. ती दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. अपॉइंटमेंट चुकलेल्या माणसांशी रोजचं बोलणं. जो कंटाळा केला म्हणून आला नाही, तो "सॉरी हं, जमलं नाही" म्हणून मोकळा होतो. जो साफ विसरलेला असतो, तो कारणांवर कारणं देतो, न विचारता देतो, आणि देताना समोरच्याचा चेहरा वाचत राहतो. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण तिने त्या दिवशी कानाडोळा केला, आणि नंतरही करत राहिली. याचा तिला पुढे फार राग आला, स्वतःचाच.

कारण बघायला गेलं तर काय दिसत होतं? चहा समोर ठेवून गार करायचा. पण छंदाच्या नादात कोण करत नाही? तेच तेच विचारायचा, तर ते दोन वर्षं विचारतच होता. चष्मा शोधत घरभर फिरायचा, आणि शेवटी तो मशीनवरच सापडायचा. लेकीच्या नवऱ्याला एकदा फोनवर भलत्याच नावाने हाक मारली, तेव्हा ती लेकीला म्हणाली, "अगं, डोक्यात सारखं ते सॉफ्टवेअर!" लेक हसली. हीदेखील हसली, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच उभी राहिली.

मग एक दिवस सकाळी ती दवाखान्यात निघालेली, तो आंघोळीला गेलेला, आणि दारात कुरियरवाला. सही केली, खोका हातात घेतला. उघडायची गरज नव्हती. आकार आणि वजन दोन्ही आता तिच्या ओळखीचं झालं होतं.

 पहिला विचार काय आला असेल? डॉक्टरचा नाही, लेकीचा नाही. हे त्याला दिसता कामा नये. बाहेर आल्यावर तो पुन्हा त्या केविलवाण्या घाईने कारणं द्यायला लागेल आणि आपल्याला मान हलवत ऐकावं लागेल, ते तिला सोसणार नव्हतं. ती स्टूल घेऊन बेडरूममधल्या कपाटाशी गेली. सगळ्यात वर, जादा ब्लँकेटांच्या मागे कोणी वर्षभर हात घालत नाही. तिने हात घातला.

तिथे आधीच दोन खोके होते. तसेच, चिकटपट्टीही न काढलेले.

ती स्टूलवरून उतरली आणि तिन्ही खोके मांडीवर घेऊन पलंगावर बसली. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. म्हणजे त्याला माहीत होतं. आपण त्याच्यापासून लपवायला आलो, आणि तो आपल्यापासून केव्हाचा लपवतोय. एकाच घरात, एकाच कपाटात, ब्लँकेटांच्या मागे! तिला रडू आलं आणि संतापही आला, आणि त्यातलं कुठलं आधी हे तिला सांगता आलं नसतं.

तो टॉवेलने डोकं पुसत आत आला. त्याने खोके बघितले. डोकं पुसायचं थांबला.

"ब्लँकेट काढायला गेली होतीस?" त्याने विचारलं.

"नाही हो. हा लपवायला." तिने वरचा खोका उचलून दाखवला. "आत्ता आला."

तो पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसला. टॉवेलची घडी घातली. मग म्हणाला, "पहिला स्पेअर आला ना, तेव्हा मला खरंच वाटलं, मीच मुद्दाम मागवला असेन. तुला सांगता सांगता मलाही पटलं. पुढचे दोन आले तेव्हा मात्र काहीच आठवेना. पावतीवर नाव माझं, पत्ता आपला. बसून बसून आठवून बघितलं, पण नाहीच."

"मग मला सांगायचं नाही का?"

"कसं सांगू? सांगितलं की ते खरंच झालं असतं."

"आणि न सांगून काय झालं?" तिचा आवाज चढला. "मी वेडी का? मी दिवसभर लोकांना आठवण करून देण्याचा पगार घेते, आणि घरात…"  तो काही समजूत घालायला आला नाही, आणि त्याने काहीतरी बोलण्यापेक्षा ते तिला बरं वाटलं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "डॉक्टरकडे जायचं. याच आठवड्यात."

"जाऊ."

"आणि यापुढे काही लपवायचं नाही. तुम्ही नाही, मीही नाही."

"नाही."

"आणि ती मशीन…" ती थांबली. तिला म्हणायचं होतं, विकून टाका. तो कटर केवढ्या वेगाने फिरतो ते तिने पाहिलं होतं. मशीन सुरू आहे हेच विसरून याने आत हात घातला तर? हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

त्याने ते ओळखलं. "मी एकट्याने ती चालवणार नाही," तो म्हणाला. "कारखान्यात एकाचं बोट गेलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, मला सांगायला नको. पण विकू नकोस गं. ड्रॉइंग अजून हातात आहे माझ्या. बघ तरी." तो उठून लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर पंप होता. त्याचा दट्ट्या, झडपा, बारीकसं हँडल, सगळ्याची मापं लिहिलेली. कुठे एक रेष चुकलेली नव्हती. ड्रॉइंग समजण्याएवढं तिला त्यातलं कळत नव्हतं, पण या माणसाचं नीटनेटकं काम ती चाळीस वर्षं ओळखत होती. "मला एकदा हा पाणी ओढताना बघायचाय. बघितलेलं लक्षात नाही राहिलं तरी चालेल. ड्रॉइंग मी करतो, मशीन तू चालव. आणि ते सॉफ्टवेअर आता तूच निवड. माझ्याच्याने ते होत नाही."

तिने दवाखान्यात फोन करून सांगितलं, आज येणार नाही. कारण काही दिलं नाही.

जेवणाच्या टेबलावर दोघं बसली. त्या म्हाताऱ्या सॉफ्टवेअरसाठी एक जुना कॉम्प्युटर त्याने माळ्यावरून काढून ठेवलेलाच होता. तो सुरू व्हायलाच एवढा वेळ लागला की तिने म्हातारं तिथल्या तिथे नापास केलं. विकतचं उघडलं, तर पडदाभर बटणं. "यातलं थांबवायचं कुठलं?" तिने विचारलं. त्याने दाखवलं. "हे? एवढंसं? मला चष्म्याशिवाय सापडणार नाही. मग घाईत काय करू, आधी चष्मा शोधू?" तो पहिल्यांदा हसला. मग फुकटचं. डाव्या हाताला लालभडक, हे एवढं मोठं थांबायचं बटण. सुरू करायला गेलं की ते विचारायचं, कटर लावला आहे का, हात बाजूला आहेत का, सुरू करू का. उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

"हे," ती म्हणाली.

"का?"

"हे विचारतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. "झालं? एवढ्यात?"

"मग काय दोन वर्षं घालवू?" ती बोलून गेली आणि लगेच तिला बोलल्याचं वाईट वाटलं. पण तो हसत होता. म्हणाला, "टर्नरला कळव हं. बिचाऱ्याचे कान किटलेत माझ्यामुळे." आणि तो मशीनचे स्क्रू पुसायला तेलाचं फडकं घेऊन मागच्या खोलीत गेला. जाताना कितीतरी दिवसांनी शीळ घालत होता.

तिने टर्नरला फोन लावला. "भाऊजी, सुटलात तुम्ही. सॉफ्टवेअर ठरलं. फुकटचं घेतोय."

 पलीकडे वर्कशॉपमधली लेथ चालू होती, ती बंद झाली.

"वहिनी," टर्नर म्हणाला, "ते कधीच ठरलंय."

"म्हणजे?"

"मशीन आणली त्याच आठवड्यात त्याने मला सांगितलं होतं, फुकटचं घेणार. मी म्हटलं, छान निवडलंस. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. 'तीन आहेत, कुठलं घेऊ?' मला वाटलं, माझी फिरकी घेतोय. मग वाटलं, मन बदललं असेल. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, सगळं तपासायचा, आणि पुन्हा तिथेच यायचा. दरवेळी. एकदासुद्धा दुसरं निवडलं नाही त्याने."

 दोन वर्षं ज्याला घरात सगळी चालढकल म्हणत होती, ती चालढकल नव्हतीच. तो ठरवत होता. बिचारा पुन्हा पुन्हा ठरवत होता, आणि आपण हसत होतो.

"मला का नाही सांगितलंत, भाऊजी?"

"कशाच्या तोंडाने सांगू? वाटलं, तुम्हाला घरात कळत असेलच. आणि खरं सांगू का, मला भीती वाटली. तो विचारायचा आणि मी आपला 'छान निवडलंस' म्हणत गेलो." मग तो म्हणाला, "कारणसुद्धा दरवेळी एकच सांगायचा. म्हणायचा, घरात अजून एक माणूस आहे, तिलाही हे थांबवता आलं पाहिजे."

ती मागच्या खोलीत गेली तेव्हा तो वाकून एका स्क्रूला तेल लावत होता, आट्याआट्यांतून फडकं फिरवत.

"काय म्हणाला?" त्याने न बघताच विचारलं.

छान निवडलंस म्हणाला, एवढं सांगून भागलं असतं. सकाळीच आपण काय बोललो ते तिला आठवलं.

"म्हणाला, हे तुम्ही आधीच निवडलं होतंत. खूप वेळा."

त्याचा हात थांबला.

"दरवेळी हेच," ती म्हणाली. "दुसरं एकदाही नाही."

तो सरळ उभा राहिला. फडकं हातातच होतं. चेहऱ्यावर आधी भीती आली, मग शरम, आणि मग तो कसला तरी हिशेब जुळवू लागला. "दरवेळी हेच?" त्याने पुन्हा विचारलं.

"हो."

"म्हणजे डोकं तसं चालत होतं," तो हळू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. तिने पुढे होऊन त्याचा तेलकट हात धरला.

"आता तू निवडलंयस ना," तो म्हणाला, "मग तू लक्षात ठेव."