एक्स्चेंजबाईंचे कान

वृद्धाश्रमात सगळे त्यांना एक्स्चेंजबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून पस्तीस वर्षं काढलेली बाई. कान इतके तिखट की वरच्या मजल्यावर कुणी गोळी गिळायची टाळली तरी यांना कळावं. अशा बाईला एका मंगळवारी अचानक ऐकू येईनासं झालं, तेव्हा सिस्टरला शंका यायलाच हवी होती. पण तिच्या देखरेखीखाली बावीस म्हातारी माणसं; शंका घ्यायला फुरसत कुठली?

कारण साधं होतं. आजवर दर महिन्याला मुलगा गाडी घेऊन यायचा आणि आईला दवाखान्यात न्यायचा. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. बाई महिनाभर त्या ऐंशी मिनिटांवर जगायच्या. मग आश्रमात चाकांच्या स्टँडवर स्क्रीन आला. डॉक्टर त्यात दिसू लागले, मुलगाही आपल्या ऑफिसातून शेजारच्या चौकटीत हजर व्हायला लागला आणि गाडीचं कामच उरलं नाही. सगळ्यांची सोय झाली. बाईंना कुणी विचारलं नाही.

म्हणून त्यांनी सोंग घेतलं. स्क्रीनवरून कानात डोकावता येत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, बाई तीनदा मख्खपणे बघत राहिल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता प्रत्यक्षच आणावं लागेल. बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

आईला ऐकू येत नाही म्हटल्यावर मुलगा मोकळेपणाने बोलला.

"सोबत आश्रमाचं कुणी पाठवलं तर चालेल का, डॉक्टर? मी असलो की ती गाडीत एक शब्द बोलत नाही. जाताना नाही, येताना नाही. इथे ठेवलं म्हणून राग आहे तिला माझा. उगाच तिला त्रास कशाला?"

बाई पेचात पडल्या. गप्प राहावं, तर तो हेच मनात धरून बसणार. बोलावं, तर सोंग उघडं पडणार.

"राग नाही रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या शेजारी नुसतं बसलं तरी मला बरं वाटायचं. बोलायचं सुचायचंच नाही."

मुलगा स्क्रीनकडे झुकला. "आई..." एवढंच म्हणाला.

डॉक्टरांना मात्र हायसं वाटलं. ऐकू येतंय म्हणजे आता आणायची गरज नाही, असं सांगून त्यांनी पुढची तारीख दिली. तीन महिन्यांनी, स्क्रीनवरच. मुलाच्या तोंडून सवयीने "थँक्यू, डॉक्टर" निघून गेलं आणि दोन्ही चौकटी मिटल्या.