चक्कीवर कधी न आलेलं धान्य

बाटल्यांवरची लेबलं मीच काढली. गरम पाण्यात बुडवून, तारेच्या घासणीनं, डिंकाचा चिकटपणासुद्धा राहू दिला नाही. काम हाती घेतलं की अर्धवट सोडायचं नाही हा माझा गुण आहे, आणि त्या दिवशी तोच नडला.

झालं असं, की माझी एकुलती एक मुलगी निवेदिता शनिवारी पहाटे पुण्याहून बसनं आली. बसमधल्या एसीनं नाक पार चोंदलेलं. दोनचार शिंका दिल्या, पिशवीतून तीन छोट्या बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या, "आई, याले हात नको लावू," एवढं म्हणाली आणि झोपली. बाटल्या खोकल्याच्या औषधाएवढ्या. लेबलावर मात्र ठळक अक्षरांत 'बर्बन व्हिस्की'. आणि नऊ वाजता आमच्याकडे भजनी मंडळाची पाळी होती.

आम्ही राहतो हिवरा आश्रमला. इथे बाहेरगावचा माणूस बसमधून उतरतो तोच हात जोडून. मी एका शाळेत तीस वर्षं लिपिक होते. हे गेल्यापासून घरात एकटी. पोरगी पुण्याला 'हॉटेल मॅनेजमेंट'मध्ये आहे, असं मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत आले. तसं खोटं नाहीच ते. फक्त हॉटेलातला जो कोपरा ती सांभाळते, तिथं चहा मिळत नाही.

बाया पाणी प्यायला स्वयंपाकघरात येणार हे ठरलेलं. लपवून ठेवावं तर आमच्या मंडळातल्या बाया फडताळ उघडून साखरेचा डबा स्वतः काढून घेतात, इतका घरोबा. म्हणून लेबलं काढली, बंबात टाकली आणि बाटल्या फडताळात अडुळशाच्या औषधाशेजारी मांडल्या. भजन छान झालं. बाटल्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

साडेअकराला निवेदिता उठली. ओट्याकडे पाहिलं, फडताळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, यांच्यावरची लेबलं कुठे आहेत?"

चिडली की ती पुण्याची मराठी बोलते. मी काय केलं ते सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं, पण ती पाटावर बसली आणि एकेक बाटली उलटसुलट करून पाहू लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. चार वाजता तिच्या हॉटेलच्या मालकांचा, देवेश सरांचा, व्हिडिओ कॉल होता. हॉटेलात नवा बार निघणार, आणि तो कुणाच्या हाती द्यायचा ते आजच ठरणार. एक निवेदिता, दुसरा परदेशात शिकून आलेला चिन्मय. दोघांकडे त्याच तीन बाटल्या. चाखायच्या, हुंगायच्या, त्यातल्या कोणत्या दोन बारमध्ये ठेवायच्या आणि का, ते सांगायचं. कोणत्या बाटलीत कोणतं धान्य किती, हे लेबलावर छापलेलं होतं.

"नाक बंद आहे माझं. आत्ता गूळ आणि माती यातला फरक कळणार नाही मला. निदान लेबल वाचून चार शब्द बोलले असते."

"पण दारूत धान्य कशाले?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

आणि एवढ्या संतापात, नाक पुसत पुसत, ती मला शिकवायला लागली. बर्बन म्हणजे निम्म्याहून जास्त मका. मी म्हटलं, मका? आपला मका? आपल्याकडचा तर अर्धा कोंबड्यांच्या खाद्यात जातो! ती म्हणाली, तोच. त्याची गोडी उतरते. थोडं मोड आणलेलं जव असतं, ते आंबवायच्या कामाचं. मग उरलेल्या जागेत काय घालायचं यावर सगळा खेळ. गहू घातला तर चव मऊ होते. राय नावाचं एक धान्य आहे, थंड मुलखातलं, ते घातलं तर तिखटपणा येतो. मग आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या लाकडी पिंपात काही वर्षं ठेवायचं. रंग तिथून येतो.

"तू कळणा दळून आणतेस ना, तसंच. जवारी तीच. उडीद किती टाकला त्याच्यावर भाकरीची चव ठरते."

बोलता बोलता तिची बोटं हवेत चिमटी आणि मूठ करून मापं दाखवत होती. सहा वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तू करतेस काय म्हणून. विचारलं असतं तर हे सगळं तेव्हाच ऐकायला मिळालं असतं. माझी मला शरम वाटली, आणि पोरीचं कौतुकही वाटलं.

तेवढ्यात मला मंजुळाबाई आठवल्या.

मंजुळाबाईंची चक्की आमच्या गल्लीच्या टोकाला. दळणाचा डबा उघडला की त्या आधी मूठभर दाणे तळहातावर चोळतात, फुंकर घालतात, हुंगतात आणि मगच वजनकाट्यावर ठेवतात. शंकरराव मास्तरांच्या जवारीवरून त्यांनी एकदा विचारलं होतं, "मास्तर, पोतं कांद्याच्या खोलीत ठेवलं व्हतं का?" ठेवलं होतं. सकाळी गहू, मग जवारी, मग बाजरी आणि मका सगळ्यात शेवटी, हा त्यांचा क्रम. एका धान्याचं पीठ चक्कीच्या दगडांत राहतं आणि दुसऱ्याची चव बिघडवतं, म्हणून हा क्रम आमदार आला तरी बदलत नाही.

मी गेले तेव्हा चक्की सुरू होती, आणि रांगेत सहाजण, त्यात सकाळच्या भजनातल्या दोघी. मी मंजुळाबाईंच्या कानाशी लागून पुटपुटले.

"मोठ्यानं बोल वं! काई आयकू येऊन नाई राह्यलं!"

दळणाचा घाणा अर्धा असताना त्या चक्की बंद करत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक. मी त्या दोघींकडे पाहिलं. परत जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग पाटावर बाटल्या न्याहाळत बसलेली पोरगी डोळ्यांपुढे आली आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"निवेदिता दारूच्या बारमंदी कामाले हाये! तिच्या दारूत कोनतं धान्य हाये ते वयखून पायजे!"

पट्टा फिरत राहिला. त्या दोघींपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. मंजुळाबाईंनी भुवईवरचं पीठ पुसलं आणि म्हणाल्या, "मंग चाल ना. एवढा घाणा होऊ दे."

घरी आल्यावर मात्र माझाच जीव खालीवर व्हायला लागला. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मी म्हटलं, मंजुळाबाई, तुमच्या हाताले दारू लागली तर चालन का?

"कोरोनात दिवसातून धा खेपा काय लावत होतो मंग हाताले? प्यायची थोडीच हाये!"

निवेदितानं पहिल्या बाटलीतले चार थेंब त्यांच्या तळहातावर टाकले. त्यांनी तळवे एकमेकांवर चोळले आणि थांबल्या. "दारूची झार नाकाले झोंबते, ते उडू दे अगुदर." मग फुंकर घातली आणि ओंजळ नाकाशी नेली. निवेदिता बघतच राहिली.

"काकू, हे तुम्हाले कोनं शिकवलं? आमच्या ट्रेनिंगमध्ये असंच शिकवतात!"

"कोन शिकवते मले? वल्लं धान्य असंच पाहतो आमी." पुन्हा हुंगलं. "हे निस्ता मक्का. कणीस भाजून वरतून गूळ लावल्यावानी."

साबणानं हात धुतले, दुसरी. या वेळी त्या लगेच हसल्या. "ह्यात गहू हाये. मक्का हायेच, पण गव्हानं त्याले दाबून धरलं. सकायच्या पयल्या घाण्याचं गरम पीठ."

तिसरीला वेळ लागला. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. हात धुऊन पुन्हा चार थेंब घेतले. डोळे मिटले. घड्याळात साडेतीन झाले होते. शेवटी त्यांनी हात खाली केले आणि एवढी तोंडाळ बाई, पण आवाज अगदी पडला.

"माय, मले माफ कर. मक्का हाये. पन दुसरं जे काई हाये, ते माह्या चक्कीवर कधी आलंच नाई."

निवेदितानं त्यांना मिठीच मारली. पिठानं सगळा कुर्ता पांढरा. "काकू, तेच तं पायजे होतं! ती राय हाये. आपल्याकडं पिकतच नाई!"

चाळीस वर्षं ज्या बाईनं आपल्या हातांवर तालुक्याचं धान्य तोललं, तिला काय माहीत नाही तेही इतकं पक्कं माहीत होतं. मी आयुष्यभर फायली सांभाळल्या. इतकं नेमकं मला एकाही फायलीबद्दल सांगता आलं नसतं.

"कसा वास हाये तो, सांगा ना," निवेदिता वही घेऊन बसली.

"धने भाजताना ठसका येते, तसा. वरतून मिऱ्याची पूड. पन कूळ गव्हाचंच. गव्हाचा तापट भाऊ म्हन."

"मंग कोनत्या दोन ठेवू?"

"गव्हाची ठेव, ते कोनालेबी चालन. आन हे तापट ठेव. मले अजून त्याचाच वास घ्यावा वाटून राह्यला. मक्क्याचं गोड हाये, पन पयल्या वासातच सारं सांगून मोकयं व्हते."

निवेदितानं तिन्हींचा एकेक थेंब जिभेवर ठेवला. वास येत नसला तरी जिभेला भाजणारी आणि न भाजणारी तिला कळत होती. मंजुळाबाईंचं बोलणं तिनं जिभेशी ताडून पाहिलं आणि मान हलवली.

चार वाजता फोन तांब्याला टेकवून ती बसली. आधी चिन्मय बोलला, छान बोलला, मका आणि गहू निवडले. मग ही. कणीस, गूळ, गरम पीठ, भाजलेले धने. नवख्या माणसाला आधी गव्हाची द्यायची, तो पुन्हा आला की रायची, असं तिनं सांगितलं. मी दाराआडून ऐकत होते. पिण्याबद्दल माझं मत बदललं नव्हतं, पण पोरीच्या बोलण्यानं अंगावर काटा आला.

"चांगलं आहे," देवेश सर म्हणाले. "पण तुझ्या बाटल्यांवर लेबलं का नाहीत?"

निवेदितानं एक बाटली हातात घेतली. "बसमध्ये पाणी सांडलं, सर. भिजून निघाली."

माझ्यासाठी खोटं बोलत होती. सहा वर्षं मी तिच्याबद्दल बोलले तसंच. मला ते सहन झालं नाही. मी सरळ फोनसमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, लेबलं मी काढली. घरी भजन होतं आणि मला लाज वाटली. चूक माझी आहे, तिची नाही."

निवेदितानं डोळे मिटले. मग उघडले आणि म्हणाली, "आणि माझं नाक सकाळपासून बंद आहे, सर. वास चक्कीवाल्या काकूंनी घेतला. जीभ आणि निवड माझी."

देवेश सरांनी आपल्याकडची रायची बाटली उचलली, तळहातावर थोडी घेतली, चोळली आणि बराच वेळ ओंजळीत नाक घालून राहिले.

"धने," ते म्हणाले. "वीस वर्षं मी ह्या वासाला नुसतं 'मसालेदार' म्हणत आलो." मग ओंजळीतून तोंड वर काढलं. "निवेदिता, एकतारखेपासून बार तुझा. आणि पुढच्या खेपेला काकूंना माझा नमस्कार सांग."

"सांगायले कशाले पायजे, मी इथंच हाये," मंजुळाबाई माझ्यामागून म्हणाल्या आणि दळण खोळंबलंय म्हणत निघूनही गेल्या.

निवेदिता हसत होती आणि रडतही होती. बंद नाकानं रडणं फार वाईट दिसतं. मी तिला रुमाल दिला आणि विचारलं, "आता तुह्या कामाले काय म्हनायचं, ते नीट सांग."

"बार मॅनेजर."

मी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग फोन घेतला आणि वडनेर भोलजीला माझ्या नणंदेला लावला. तिला कळलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या भावकीत होतं, म्हणून आजवर मी तिला कधी काही कळू दिलं नव्हतं.

"जनकाताई, निवेदिता बार मॅनेजर झाली," मी म्हटलं. "हाव, दारूचाच बार. आता आयका, त्यात धान्य कसं असते ते सांगतो."