मर्वच्या इंजिनाला शेवटचा हात

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मरे ब्रिज गावात जुन्या मोटरसायकलींच्या क्लबात एक छान प्रथा आहे. सभासद जिवंत असेपर्यंत त्याच्या कामाला नावं ठेवायची, आणि तो गेला की त्याचं अर्धवट राहिलेलं काम आपसात वाटून घ्यायचं. चाळीस वर्षांत एकही सभासद काम पूर्ण करून गेलेला नाही, त्यामुळे प्रथा जोरात चालू आहे.

मर्व लिंडनर गेल्या ऑगस्टमध्ये गेला. अकरा वर्षं तो शेडमध्ये एक साइडकारवाली बीएसए नव्यासारखी करत होता. अंत्यविधीत पाद्री भावुक होऊन म्हणाला, "त्याची ती लाडकी एकावन्न सालची मोटरसायकल…" तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बावन्न."

पाद्री थांबला.

"इंजिनाच्या नंबरावरून बावन्न सालची ठरते," बेव्हन क्लोझ म्हणाला. "चालू द्या तुमचं."

बेव्हन आमच्या क्लबाचा नोंदी ठेवणारा. कुठला नट त्या काळी कुठल्या रंगाचा होता हे त्याला पाठ आहे आणि विचारलं नाही तरी तो सांगतो. खोटं त्याला बोलता येत नाही. त्याला हा सद्गुण वाटतो. त्याची बायको सिडनीला बहिणीकडे राहते.

एप्रिलमध्ये मर्वच्या बायकोनं, ग्लेनिसनं, आम्हा तिघांना बोलावलं. बेव्हन, नोएल पास्को आणि मी. तिनं चहा ओतला, फ्रूटकेक पुढे सरकवला आणि सरळ मुद्द्यावर आली.

"हे बघा, पोरांनो," ती म्हणाली. आमच्यातला सर्वांत लहान पोर अडुसष्ट वर्षांचा, तो मी. "गाडी तयार झाली की साइडकारमधून मला पार पश्चिमेला, आल्बनीच्या किनाऱ्यावर नेणार, देवमासे दाखवणार, असं मर्व अकरा वर्षं म्हणत होता. मी हेल्मेट घेतलं. ते जुनं झालं म्हणून दुसरं घेतलं. दर वाढदिवसाला एकच पालुपद, इंजिनावर थोडाच हात फिरवायचा राहिलाय गं. आता मला ते इंजिन एकदा चालू झालेलं ऐकायचंय. आणि एक खरं सांगायचं. काम खरंच राहिलं होतं, की माझ्याबरोबर जायचंच नव्हतं त्याला?"

"असं काय बोलतेस, ग्लेनिस!" नोएल म्हणाला.

"आठ महिने रात्रंदिवस हेच बोलतेय मी, भिंतीशी. तुम्ही इंजिन हातात घ्याल तेव्हा तुम्हाला कळेलच."

आम्ही मान डोलावली आणि शेडमध्ये गेलो. सांगाडा, चाकं, टाकी, साइडकार, सगळं चकाचक उभं. इंजिन तेवढं सुट्टं, वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ओळीनं मांडलेलं. एकही पुडकं न उघडता आमचं भांडण लगेच सुरू झालं. नोएलचं म्हणणं, ॲल्युमिनियमचा प्रत्येक भाग आरशासारखा चमकला पाहिजे, दाढी करता आली पाहिजे त्यात. बेव्हनचं म्हणणं, कारखान्यानं चमकवलं होतं फक्त बाजूचं एक झाकण, बाकी सगळं ओतीव आणि मंद होतं, आणि आरसा हवा असेल तर नोएलनं बाथरूममध्ये जावं. मी दोघांनाही मूर्ख म्हणालो. मग क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, बेव्हननं नेली, वरचं हेड आणि झाकण नोएलनं, आणि मी मधला ओतीव लोखंडाचा सिलिंडर, त्याला काळा रंग देऊन भट्टीत भाजायचा म्हणून. भट्टी म्हणजे आमच्या घरचा ओव्हन. माझ्या बायकोला या शब्दाचा फार राग आहे.

घरी पुडकं उघडलं आणि मी स्टुलावर बसलोच. असा सिलिंडर मी पाहिला नव्हता. काळा, गुळगुळीत, हवेनं गार होण्यासाठीच्या पाकळ्यांच्या तळापर्यंत एकसारखा रंग. त्याला सुतळीनं एक तपकिरी लेबल बांधलेलं, त्यावर मर्वचं नेटकं अक्षर. 'पूर्ण. ९ मार्च २००८.' त्याखाली 'रंग काढून पुन्हा. २०१०.' त्याखाली २०११, २०१३, २०१५. पाच वेळा पूर्ण. करण्यासारखं काही राहिलेलंच नव्हतं. आठवडाभरात इंजिन जोडून माणूस आल्बनीला गेला असता, देवमासे बघून परतही आला असता.

शहाण्या माणसानं तो सिलिंडर परत गुंडाळला असता. मी रंग काढायचं औषध लावलं. मोकळ्या हातानं परत कसं जायचं? शिवाय तो काळा मला जरा जास्तच चकचकीत वाटला. माझा रंग तिसऱ्या पाकळीवर ओघळला आणि पंधरा दिवस आमच्या ओव्हनमधल्या माशांना रंगाचा वास येत होता.

पुढच्या शनिवारी शेडमध्ये भेटलो तेव्हा तिघेही एकमेकांची नजर चुकवत होतो. शेवटी नोएलनं खिशातून लेबल काढलं. मग मी. मग बेव्हननं पाकिटातून, घडी न घालता जपून ठेवलेलं. क्रँककेस सहा वेळा.

"तूसुद्धा पुन्हा केलीस?" मी विचारलं.

"चमक फार होती," बेव्हन म्हणाला. "काचेच्या बारीक मण्यांच्या फवाऱ्यानं उतरवली." मग तो क्रँककेसकडे बघत म्हणाला, "आधीची बरी होती."

चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेली ही पहिली कबुली.

मर्व असं का वागला हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. इंजिन सुट्टं आहे तोवर त्यात काही बिघडत नाही. ते गळत नाही, धूर सोडत नाही, नलारबॉरच्या ओसाड माळरानाच्या मधोमध बायकोला घेऊन बंद पडत नाही. तिच्यासमोर फजिती होईल याला तो भीत होता, एवढंच. पण हे ग्लेनिसला कसं सांगायचं? 'तुझ्याबरोबर जायचं नव्हतं' आणि 'तुझ्याबरोबर जायची भीती वाटत होती' यांतला फरक मला नीट सांगता येत नाही, आणि मी तीस वर्षं शाळेची बस चालवलीय, पोरांच्या कसल्या कसल्या आयांशी बोललोय.

"लेबलं जाळू या," नोएल म्हणाला.

"नोंद आहे ती," बेव्हन म्हणाला आणि तिन्ही लेबलं आपल्या पाकिटात घातली.

आम्ही त्याला लाख समजावलं. तिनं विचारलं तर निदान गप्प तरी बस, म्हणालो. "विचारलं तर सांगावं लागेल," तो म्हणाला. भिंतीशी बोलणं परवडलं.

चार शनिवारांत इंजिन जोडून झालं. खाली मंद राखाडी, मध्ये ओघळलेला काळा, वर डोळे दिपवणारा आरसा. तीन वेगवेगळ्या गाड्यांना अपघात होऊन एक इंजिन झाल्यासारखं दिसत होतं. ग्लेनिस एप्रन बांधूनच शेडमध्ये आली. नोएलनं किक मारली. तिसऱ्या किकला ते धडधडलं आणि मग शांतपणे, संथ लयीत चालू लागलं. आतलं सगळं मर्वनं केलेलं होतं, तिथे आम्ही हात लावला नव्हता.

ती दोन मिनिटं ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "बंद करा."

नोएलनं बंद केलं.

"आता सांगा. किती काम राहिलं होतं?"

"अगं, बरंच होतं," मी म्हणालो. "सिलिंडरच बघ ना—"

"रॉस, तू माझ्या केसांनाही चांगलं म्हणतोस." ती वळली. "बेव्हन, तू सांग. तू माझ्या नवऱ्याच्या शवपेटीपुढे साल दुरुस्त केलंस. तू सांगशील ते मी मानेन."

बेव्हनचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. पाकीट तिथेच असतं. नोएलनं डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात बेव्हनला ज्या शिव्या घातल्या, त्या बसमध्ये पोरांसमोर कधी दिल्या नव्हत्या.

"अडीच वर्षं," बेव्हन म्हणाला.

"काय?"

"कमीत कमी. क्रँककेसची तर पार वाट लागली होती. गंज." ॲल्युमिनियमला तसला गंज चढत नाही, हे क्लबात नवीन आलेल्यालाही तो पहिल्याच दिवशी ऐकवतो. "एकट्या माणसाला तीन वर्षंही लागली असती. घाई करत होता बिचारा. जागोजागी दिसतं ते."

"घाई करत होता?"

"हो. जायची."

ग्लेनिस उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली आणि एप्रन तोंडाला लावून रडली. "आठ महिने मी त्याला खोटारडा म्हणतेय रे," ती म्हणाली. "आठ महिने." मलाही भडभडून आलं, ते मी लपवलं नाही. नोएल उगाच नट पिळायचे पाने मोजत बसला.

बेव्हन मात्र पाठ फिरवून कोटाच्या धुळकट बाहीनं टाकी पुसत होता. चकचकीत टाकीवर बारीक चरे उमटताना मला दिसत होते, आणि तो पुसतच राहिला.