बाजूने घेतलेला फोटो

ब्युनोस आयर्सहून क्ष-किरणांचं शिक्षण घेऊन डॉ. ओब्दुलिया तामारिस कुएन्का शहरी परतल्या, तेव्हा इस्पितळाने त्यांना तळघरातली एक ओलसर खोली दिली आणि एक जुनाट यंत्र. इक्वेडोरच्या त्या डोंगराळ भागात हे शास्त्र शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. बाई तर नव्हतीच. मुख्य सर्जन डॉ. आर्तेआगा त्यांना चारचौघांत ‘फोटोवाल्या बाई’ म्हणत. ओब्दुलिया ऐकून घेत. यंत्र मात्र त्यांनी स्वतः खोलून, पुसून, चालू केलं.

त्याच सुमारास ग्वालासेओ गावाहून देल्फिना आली. घागरे शिवणारी विशीतली पोर. वर्षभर खोकला, थुंकीत रक्त. क्षय ठरवून घरच्यांनी तिला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं, आणि ठरलेला नवरा फिरकेनासा झाला होता. समोरून काढलेल्या फोटोत धड काही कळत नव्हतं. तरी आर्तेआगांनी डाव्या फुप्फुसाचा तुकडा कापायचं ठरवलं.

“आधी मला बाजूने एक फोटो घेऊ द्या,” ओब्दुलिया म्हणाल्या.

“कशाला? चौकट करून भिंतीवर लावायचाय?”

बरोबरचे डॉक्टर खिदळले.

“हृदयाच्या सावलीआड काय दडलंय ते समोरून दिसत नाही, डॉक्टरसाहेब. कापायचं तर उद्या आहे ना? आजचा दिवस माझा.”

अंधाऱ्या खोलीत फिल्म धुताना हृदयामागे एक पांढरी रेघ उमटली. सरळ, बारीक, टोकाला गोल बोंड. ओब्दुलिया तशाच वर देल्फिनाच्या खाटेकडे धावल्या.

“पोरी, शिवताना टाचण्या कुठे धरतेस?”

“ओठांत. सगळ्याच धरतात की.”

“कधी आत गेली?”

देल्फिना आठवू लागली. “एकदा हसता हसता ठसका लागला होता. आई म्हणाली, पोटात गेली असेल, पडेल बाहेर.”

ओली फिल्म ओब्दुलियांनी खिडकीच्या उजेडात आर्तेआगांसमोर धरली. “टाचणी,” ते म्हणाले. “टाचणीच आहे हो! आणि मी सुरी परजत होतो.”

माणूस तिरकस, पण हाताचा पक्का. घशातून नळी घालून त्यांनी ती काळी पडलेली टाचणी अलगद ओढून काढली आणि सगळ्यांदेखत ओब्दुलियांच्या तळहातावर ठेवली.

“ओब्दुलियाबाई, यापुढे तुम्ही पाहिल्याशिवाय मी कुणाच्या छातीला हात लावणार नाही.”

या वेळी कुणी हसलं नाही.

पुढच्या वर्षी क्ष-किरण विभाग तळघरातून वर, भरपूर उजेडाच्या दालनात आला आणि ओब्दुलिया त्याच्या प्रमुख झाल्या. लोहा, रिओबाम्बा अशा दूरच्या शहरांतून तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले.

देल्फिना ठणठणीत झाल्याचं कळताच तो नवरा फुलं घेऊन दारात हजर झाला. “खोकला गेला,” ती म्हणाली, “आता तूही जा.”

ओब्दुलियांसाठी ग्वालासेओत मेजवानी झाली. भाजलेलं डुक्कर, उकडलेला मका, वाजंत्री. देल्फिनाच्या आईने त्यांना मानाच्या जागी बसवलं, तोच एक म्हातारा सदऱ्याची बटणं सोडत पुढे आला.

“डॉक्टरबाई, माझ्याही आत बघा ना. बायको म्हणते, काळीजच नाही.”

“सोमवारी या, आजोबा. तुमच्या बायकोलाही आणा, तिलाच दाखवते,” ओब्दुलिया म्हणाल्या आणि देल्फिनाचा हात धरून नाचायला उठल्या.