धाकटीचं खरं वय

शर्टांच्या कारखान्यात दोघी जावा समोरासमोर काम करायच्या. थोरली काज-बटण लावायची, धाकटी इस्त्री करायची, आणि दोघींची तोंडं मशीनपेक्षा जोरात चालायची.

स्तनाच्या कॅन्सरची तपासणी करणारी मोफत गाडी येणार, असं कळलं. मोफत आपलं म्हणायला. गाडी थांबणार दोन बस बदलून जायच्या बाजारात, तेही दहा ते चार. त्या वेळात कामावरून उठलं की खाडा. शिवाय कुणाला लाज वाटत होती, तर कुणी म्हणत होतं, "शोधायला गेलं की सापडतं."

"मग डोक्यातल्या उवाही शोधू नकोस!" थोरली म्हणाली आणि तडक मालकाकडे गेली.

अकरा बायकांची सुट्टी ऐकून मालकाने कपाळाला हात लावला. पण त्या दिवशी माल बाजारातच जायचा होता आणि टेम्पो धाकटीचा नवरा चालवायचा. "आम्ही मालाबरोबर जातो, गठ्ठे आम्हीच उतरवतो," थोरली म्हणाली. मालक विचार करेपर्यंत बायका टेम्पोत चढल्यासुद्धा.

शर्टांच्या गठ्ठ्यांवर बसून अकरा जणी निघाल्या. प्रत्येक खड्ड्याला सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडायच्या आणि हसून हसून बेजार व्हायच्या. एकीला उचकी लागली, ती बाजार येईपर्यंत थांबली नाही.

गाडीच्या पायरीशी नर्स नावं लिहून घेत होती. धाकटीची पाळी आली.

"वय?"

"अडतीस." गेली कित्येक वर्षं ती अडतीसचीच होती.

"चाळिशीच्या पुढच्यांनाच घेतोय, ताई. गाठ किंवा काही त्रास आहे का?"

"नाही."

"मग पुढच्या या."

धाकटी एक पायरी उतरली आणि थांबली. तिला आई आठवली. आईचा हाच आजार कळला तेव्हा ती एकोणपन्नासची होती. मोठा दवाखाना दिवसभराच्या वाटेवर. पोचली तेव्हा फार उशीर झाला होता.

धाकटी मागे वळली. "लिहा, सत्तेचाळीस."

रांगेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"सत्तेचाळीस?" थोरली किंचाळली. "अगं, मी पंचेचाळीसची! सतरा वर्षं मला ताई ताई करतेस, आणि मोठी तूच?"

"नात्याने थोरली तूच की. मी कुठे नाही म्हणतेय?"

गठ्ठा घेऊन उभा असलेला नवरा बोटं मोजायला लागला. "म्हणजे माझ्यापेक्षा..."

"तीन वर्षांनी मोठी. आधी तो गठ्ठा खाली ठेवा."

त्याने तो स्वतःच्याच पायावर ठेवला. मग जो हशा उसळला! नर्सलाही पेन बाजूला ठेवून डोळे पुसावे लागले. आत मशीनपुढे "श्वास धरा" म्हटलं की धाकटीला खुदकन हसू फुटायचं. तिचा फोटो तीनदा काढावा लागला.

दहा दिवसांनी फोन आला. फोटोत ठिपका दिसत होता. त्या दुपारी थोरलीने तीन शर्टांना उलट्या बाजूने बटणं लावली. पुढच्या तपासणीत कळलं, कॅन्सरच होता, पण हाताला लागलाही नसता इतका लहान. ऑपरेशन झालं, मग काही आठवडे दवाखान्यातल्या मशीनवर किरणांचा शेक घ्यावा लागला. नवरा रोज टेम्पोने तिला न्यायचा. थोरली बाजूला बसून त्याला गाडी चालवायला शिकवायची. तिला स्वतःला सायकलही येत नव्हती.

"आता सगळं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. थोरलीने त्यांच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं आणि मग दवाखान्याच्या जिन्यात बसून हमसाहमशी रडली. रडता रडता तिला हसू यायला लागलं, आणि तिला उठवायला आलेली धाकटीही शेजारी बसून हसत सुटली.

त्यानंतर थोरलीने गाडीवाल्यांना रोज फोन करून भंडावून सोडलं. शेवटी तपासणीची गाडी कारखान्याच्या दारात आली, तीही जेवणाच्या सुट्टीत. रांगेत मालकाची बायकोसुद्धा होती. धाकटीने बायकांना बसायला खुर्च्या आणून मांडल्या आणि समोरच्या बाटल्यांच्या कारखान्याकडे बघून हाक मारली, "या गं! दहा मिनिटांचं काम आहे!"

हातमोजेसुद्धा न काढता त्या बायका रस्ता ओलांडून धावत आल्या.