वर्तुळं नसलेला सोडियम

एप्रिलच्या उन्हात सावद्याच्या शाळेचे पत्रे कडकड वाजत होते. आठवीचे पेपर तपासून तपासून कनीज मॅडमचे डोळे चुरचुरत होते. विज्ञान शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. सोडियमच्या अणूची आकृती आता त्या धड बघतही नसत. मधे केंद्रक, त्यात अकरा प्रोटॉन आणि बारा न्यूट्रॉन. भोवती तीन वर्तुळं, त्यांवर दोन, आठ, एक असे इलेक्ट्रॉन. तीन गुण. पुढचा पेपर.

मयुरीच्या पेपरावर हात अडला. केंद्रक बरोबर होतं, वर्तुळंच नव्हती. त्या जागी पेन्सिलीनं घासून धुकं काढलेलं. खाली लिहिलं होतं, ‘इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेनं फिरत नाही. कुठे सापडेल त्याचा अंदाजच करता येतो.’

हे खरं आहे, हे मॅडमना ठाऊक होतं. जळगावच्या कॉलेजात त्या हेच शिकल्या होत्या. पण नमुना उत्तरात वर्तुळं होती, आणि अजून सातवीचा गठ्ठा बाकी होता. त्यांनी शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पेपर दाखवले, तेव्हा मयुरी टेबलाशी आली.

“मॅडम, शून्य का?”

“पुस्तकात वर्तुळं आहेत ना?”

“आहेत. पण अक्काच्या अकरावीच्या पुस्तकात म्हटलंय, तशी वर्तुळं खरी नसतात. मग मी खोटं काढू?”

‘आठवीला तेवढंच लिहायचं,’ हे वाक्य मॅडमच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. इतकी वर्षं आपण हेच सांगत आलो, याचा त्यांना एकदम शीण आला. त्यांनी शून्य खोडलं, तीन लिहिले, शेजारी सही केली.

दुपारी तपासलेले पेपर चाळताना मुख्याध्यापक हितेंद्र सरांनी विचारलं, “मॅडम, वर्तुळांनाही तीन आणि धुक्यालाही तीन?”

“सोडियम पाण्यात भडकतो कशानं, ते वर्तुळांवरून समजावता येतं, सर. शेवटच्या वर्तुळातला एकटा इलेक्ट्रॉन पटकन सुटतो, म्हणून. पण इलेक्ट्रॉन खरा कसा वागतो, ते या पोरीनं लिहिलंय. मी दोन्ही सांगायला हवं होतं. कंटाळा केला.”

सरांनी मयुरीचा पेपर गठ्ठ्यात परत ठेवला. म्हणाले, “राहू द्या तीन. पण कुणी भांडायला आलं, तर तुम्हीच समजावा.”

“समजावते,” मॅडम म्हणाल्या, आणि पदरानं मान पुसून त्यांनी सातवीचा गठ्ठा पुढे ओढला.