उघड्या सर्व्हरांची यादी

ज्यांच्या मेल सर्व्हरला कुलूपच नाही आणि म्हणून स्पॅमवाल्यांचं फावतं, अशांची यादी मी लोणावळ्यात घरबसल्या चालवते. नियम माझाच. मालकाला मेल पाठवायचा, पंधरा दिवस थांबायचं, दुरुस्ती झाली नाही तर नाव जाहीर करायचं. नाव आलं की बाकीचे सर्व्हर त्याचे मेल अडवतात आणि मालक खडबडून जागा होतो. यादी वाचून नवे चोरही तिथं पोचतात, असं कुणी म्हटलं की मी भांडायचे. दार सताड उघडं टाकणाऱ्यानं ओरडणाऱ्यावर चिडू नये.

त्या मंगळवारी पंधरा दिवस भरलेलं नाव होतं कामशेतच्या बद्रुद्दीन सरांचं. मला कॉम्प्युटर शिकवणारे सर. लाइट गेली की कागदावर की-बोर्ड काढून बोटं फिरवायला लावायचे. बाजारातल्या तांदूळवाल्यांचे मेल त्यांच्याच सर्व्हरवरून जातात. नाव जाहीर झालं तर भर बाजारात त्यांची शोभा होणार, तीही माझ्या हातून. हात चालेना. मी उठून कामशेत गाठलं.

सरांनी चहा ठेवला. माझी नोटीस वाचली का नाही, म्हणून मी तणतणले. इंग्रजीतला अनोळखी मेल दिसला, फसवाफसवी असेल म्हणून पुसून टाकला, म्हणाले. असले मेल उघडायचे नाहीत, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. मग सर्व्हरचा पासवर्ड का काढला, असं मी विचारलं.

"दुकानदार इसरत्यात गं. सारखं हेलपाटं घालत्यात. रस्त्याकडंला रांजन भरून ठेवतो न्हाई का, कुनीबी प्यावं, तसं."

त्यांच्या सर्व्हरवरून गेलेली खोट्या नोकरीची पत्रं मी दाखवली. सरांनी चष्मा पुसून एकेक वाचलं. मग सर्व्हरला पासवर्ड घातला आणि कुठल्या दुकानात आधी जायचं ते ठरवू लागले. आता दुरुस्ती झालीय, नाव घालायची गरज नाही, असं मी सुटल्यासारखी म्हणाले.

"घाल. माज्या दारातनं ज्यास्नी फसवलं, त्यास्नी कळाया नगं व्हय?"

मला त्यांचा फार अभिमान वाटला. मी नाव घातलं, पुढं 'दुरुस्त' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांचा फोन. त्यांनी अख्खी यादी वाचली होती.

"सोमाटण्याचा छापखाना चार म्हैनं झालं यादीत हाय. फोन केलतास त्याला?"

"मेल केला होता, सर."

"त्यानंबी पुसला आसंल."

मला लाज वाटली. माझ्या घरापासून पाऊण तासाच्या वाटेवरचा माणूस, आणि मी त्याला चार महिने चोरांपुढं उभं करून ठेवलं होतं. यादीत एकशे बारा नावं होती. छापखान्याचा नंबर शोधून मी पहिला फोन लावला. पलीकडून एका म्हाताऱ्याचा थकलेला आवाज आला, तेव्हा आधी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि मग म्हटलं, आबा, थोडा वेळ आहे का?